जुन्या गाडीची नवी किल्ली

घरातील कर्त्या माणसाच्या पश्चात जेव्हा चीजवस्तूंची वाटणी होते, तेव्हा सोन्यानाण्याची मोजदाद होते, सातबाराच्या उताऱ्यावर वारसांची नावे चढतात, बँकेतल्या ठेवींची खातरजमा होते, इतकेच काय पण माळ्यावरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचीही यादी तयार होते. परंतु पडवीत ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली, टायरांतली हवा केव्हाच गेलेली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेली मोटरसायकल मात्र ‘घेईल कोणी तरी’ एवढ्या मोघम शेऱ्यावर मागे राहते. पुढे केव्हा तरी एखाद्या पुतण्याच्या वा नातीच्या मनात ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस उत्पन्न होते. मिस्त्री बोलावला जातो, तो कार्बोरेटर धुतो, प्लग बदलतो, टाकीतला गंज काढतो, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी नव्याने जोडतो, आणि एवढे सगळे होईपर्यंत जी गोष्ट कोणाच्याच ध्यानात आलेली नसते ती मग एकदम सर्वांच्या ध्यानात येते. किल्ली कोणापाशी आहे? ती कोणापाशीच नसते.

अशा वेळी गॅरेजमध्ये मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो. “लॉक तोडून टाका साहेब, नवीन सेट बसवू, अर्ध्या तासाचं काम आहे.” सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याच्या दारात आणखी दहा गाड्या ताटकळत असतात आणि जुन्या कुलपापाशी घालवलेल्या वेळाचा मोबदला कोणी देत नाही, हा त्याचा नित्याचा अनुभव असतो. तथापि ज्या गाडीचा कारखाना बंद पडून एक पिढी उलटून गेली, तिच्या बाबतीत हा सल्ला शिरसावंद्य मानणे म्हणजे आपल्या हातांनी दप्तर जाळणे होय. कारण हरवलेल्या किल्लीचा प्रत्येक दाता किती उंच आणि प्रत्येक खाच किती खोल होती याचा संपूर्ण तपशील ज्या एकाच ठिकाणी अद्याप शाबूत असतो, ते ठिकाण म्हणजे ते कुलूप. कुलूप जागेवर आहे तोवर, किल्लीचा एकही नमुना हाताशी नसताना, नवी किल्ली घडवता येते. ती कशी, हे सांगण्यापूर्वी मोटरसायकलच्या किल्लीचे मूळ थोडे पाहणे अवश्य आहे.

मोटरसायकलला किल्ली असावी ही कल्पना उत्तरकालीन आहे. आरंभीच्या गाड्यांत ठिणगी पाडण्याचे काम मॅग्नेटो नावाचे यंत्र करीत असे. ते इंजिनाबरोबर फिरून स्वतःची वीज स्वतःच निर्माण करी, त्याला बॅटरीची गरज नसे, आणि म्हणून किक मारली की गाडी चालू होई, मग किक मारणारा मालक असो की मालकाचा शेजारी. आपल्याकडच्या जुन्या, बिनबॅटरीच्या कित्येक स्कूटरींचीही हीच स्थिती होती. त्यांना हँडलचे कुलूप होते, पण इंजिन चालू करण्यास किल्ली लागत नसे. पुढे बॅटरी आणि कॉइल यांची पद्धत रूढ झाली, तेव्हा एक नवी अडचण उभी राहिली: गाडी उभी असताना बॅटरीचा कॉइलशी संबंध तोडला नाही तर वीज वाया जाऊन बॅटरी निकामी होते. ही तोडजोड करण्यासाठी स्विच आला आणि स्विचाच्या पाठोपाठ किल्ली आली. चोराच्या भयापेक्षा बॅटरीच्या काळजीनेच किल्लीला जन्म दिला, असे म्हणण्यास पुष्कळ जागा आहे.

याचा उत्तम दाखला जावा गाडीचा. झेकोस्लोव्हाकियात 1929 साली फ्रांतिशेक यानेचेक याने सुरू केलेल्या या कंपनीची गाडी आपल्याकडे म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ या कारखान्यात होऊ लागली. रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांनी 1960 साली उभारलेल्या या कारखान्यातून 1961 पासून गाड्या बाहेर पडू लागल्या, पुढे त्यांना ‘येझदी’ हे नाव मिळाले, आणि 1996 साली कारखान्याला टाळे लागले. या जुन्या जावाच्या दिव्याच्या डोमावर जी किल्ली खोचली जाई तिला दातेच नसत. ती एक गुळगुळीत, वाटोळी, डोके असलेली दांडी. आत दाबली की तिचे टोक स्विचातले संपर्क जोडी, आणि मग तीच फिरवून दिव्यांची निवड करता येई. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू मोटरसायकलींनाही कित्येक दशके याच धर्तीची, खिळ्यासारखी किल्ली होती. अशा किल्लीत व्यक्तिभेद नसतो. एका जावाची किल्ली दुसऱ्या जावाला लागते, आणि म्हणून तिची बदली मिळवण्यास ना क्रमांक लागतो ना कारागीर. जुन्या जावांची डागडुजी करणाऱ्या कोणत्याही गॅरेजात खणातून शोधून ती काढून देतात, न मिळाल्यास मापाची दांडी लेथवर घडवून घेता येते. अर्थात ज्याला गाडीच्या रक्षणाची चिंता असेल त्याने अशा गाडीला हँडलचे कुलूप आणि वर एखादी साखळी हाच बंदोबस्त खरा मानावा.

बुलेटची गोष्ट निराळी. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथे 1956 पासून एनफील्ड इंडियाने ती बनवण्यास आरंभ केला. इंग्लंडातल्या मूळ कंपनीचा अवतार 1970च्या सुमारास संपला, पण इथली परंपरा खंडित झाली नाही, आणि म्हणून बुलेटच्या मालकाला स्विच, हँडल लॉक, टूलबॉक्सचे कुलूप यांपैकी काहीही, अस्सल नाही तरी बेतास बात प्रतीचे, पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत मिळून जाते. या गाडीच्या मालकांनी एवढेच ध्यानात ठेवावे की जुन्या बुलेटच्या स्विचाची किल्ली वेगळी आणि हँडल लॉकची वेगळी असे; दोहोंपैकी एक सापडली की सर्व प्रश्न सुटला, हा समज बहुधा हँडल वळवताना दूर होतो.

पुढे 1984 ते 1986 या अल्पावधीत इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहाची आरएक्स 100 आणि कावासाकी-बजाज अशा जपानी तंत्राच्या गाड्या एकामागून एक आल्या, त्यांनी शंभर सीसीच्या वर्गाचा चेहरामोहराच पालटून टाकला, आणि किल्लीच्या बाबतीतही एक सोय आणली: स्विच, पेट्रोलच्या टाकीचे झाकण, बाजूचा पत्रा यांना हळूहळू एकच किल्ली लागू लागली. आज ज्यांना आपण जुन्या गाड्या म्हणतो त्यांतील बहुसंख्य या काळातल्या आहेत. आरएक्स 100 तर 1996 साली बंद झाली असूनही तिच्यावर जीव टाकणारी मंडळी अजून गावोगाव आढळतात, आणि किल्ल्या हरवलेल्यांच्या तक्रारींत त्यांचा भरणा मोठा असतो. या लेखातील पुढचे विवेचन प्रामुख्याने अशा दातेरी किल्लीच्या गाड्यांविषयी आहे.

या कुलपांचे अंतरंग पाहू. घराच्या दारांना जी लॅचची कुलपे असतात त्यांत लायनस येल या अमेरिकन कारागिराने 1860च्या दशकात परिणत केलेली खुंट्यांची रचना असते. मोटरसायकलच्या स्विचात जागा कमी, धूळ अधिक आणि थरथर अखंड. तिथे बहुधा पट्ट्यांची रचना वापरतात. बाहेर एक स्थिर नळी असते आणि तिच्या आत फिरणारे, बोटाच्या पेराएवढे बॅरल. या बॅरलला आडव्या चिरा पाडलेल्या असतात आणि प्रत्येक चिरेत एक पातळ पितळी पट्टी बसवलेली असते. पट्टीच्या मध्यात चौकोनी खिडकी कापलेली असते, जिच्यातून किल्लीचे पाते आरपार जाते, आणि एका अंगाला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसताना स्प्रिंग पट्टीला एका बाजूस ढकलते, पट्टीचे टोक बॅरलच्या बाहेर डोकावते, ते नळीच्या खाचेत अडकते आणि बॅरल फिरण्याचे नाकारते. योग्य किल्ली आत गेली की तिच्या चढउतारांमुळे प्रत्येक पट्टी नेमकी एवढीच सरकते की तिचे कोणतेच टोक बाहेर राहत नाही. सगळ्या पट्ट्या अशा एका पातळीत आल्या की बॅरल फिरते, मागचा विजेचा स्विच त्याच्याबरोबर फिरतो आणि मीटरवरचा हिरवा दिवा लागतो. पट्ट्या बाहेरून सारख्याच असतात. फरक असतो तो त्यांच्या खिडकीच्या उंचीत.

समजा, अशा पाच पट्ट्या आहेत आणि खिडकीच्या उंचीचे चार प्रकार आहेत, तर हिशेबाने 1024 निरनिराळ्या किल्ल्या संभवतात. पट्ट्या सहा धरल्या तर 4096. प्रत्यक्षात कारखानदार यांतील पुष्कळ जुळण्या वगळतो, कारण सगळे दाते एकाच उंचीचे असले तर कुलूप कोणत्याही पत्र्याने उघडेल, आणि अतिउंच दात्याशेजारी अतिखोल खाच आली तर किल्ली आत जाताना अडकेल किंवा त्याच जागी मोडेल. लाखो गाड्या आणि जेमतेम काही शे जुळण्या, असा व्यवहार असल्यामुळे चौकातल्या पानपट्टीसमोर एकाची किल्ली दुसऱ्याच्या गाडीला लागल्याच्या हकिकती आपण ऐकतो त्या अगदीच कपोलकल्पित नसतात. त्यात पट्ट्या झिजलेल्या असतील तर बोलायलाच नको.

या मर्यादित संख्येचा एक फायदा मात्र आहे. प्रत्येक जुळणीला कारखानदार क्रमांक देतो, आणि तो क्रमांक किल्लीच्या डोक्यावर, सोबतच्या लहानशा पत्र्याच्या चकतीवर किंवा कुलपाच्या तोंडावर ठोकलेला असतो. इंग्लंडातल्या पन्नास-साठच्या दशकांतील अनेक मोटारगाड्यांना ‘एफएस’ मालिकेच्या किल्ल्या असत; त्यांचे क्रमांक 876 पासून 955 पर्यंत, म्हणजे अवघ्या 80 तऱ्हा. त्यामुळे तिकडच्या जुन्या गाडीचा मालक कुलपाच्या तोंडावरचे अक्षर आणि आकडे वाचतो, तो क्रमांक एखाद्या जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला कळवतो आणि टपालाने किल्ली मागवतो. आपल्याकडे असा व्यवहार रुजला नाही. चालू मॉडेलच्या बाबतीत अधिकृत विक्रेत्याकडे क्रमांक, नोंदणीचे कागद आणि ओळखपत्र दाखवून चौकशी करण्यास हरकत नाही, पण बंद पडलेल्या गाडीच्या क्रमांकाचे कोष्टक हाती लागणे दुरापास्त. तरीही किल्लीवर क्रमांक दिसत असेल तर तो लिहून ठेवावा हे बरे. जुन्या बाजारात त्याच क्रमांकाची किल्ली सापडल्याचा योग विरळा असला तरी अशक्य नाही, आणि लिहून ठेवण्यास खर्च पडत नाही.

क्रमांक नाही, नमुना नाही, अशा स्थितीत गाठायचा तो किल्लीवाला. ‘येथे सर्व प्रकारच्या चाव्या बनवून मिळतील’ अशा पाटीखाली, झाडाच्या किंवा रंगीत छत्रीच्या आडोशाने बसलेला हा कारागीर शहराच्या प्रत्येक पेठेत आणि तालुक्याच्या प्रत्येक एसटी स्टँडाजवळ असतो. महाराष्ट्रात या व्यवसायात शिकलगार समाजातील कुटुंबे पुष्कळ आहेत. शस्त्रांना धार लावणे व पाणी देणे हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांच्या हातातली कानस शस्त्रांच्या जमान्यानंतर किल्ल्यांकडे वळली. या मंडळींपैकी जे केवळ यंत्रावर नमुन्याबरहुकूम दुसरी किल्ली कापून देतात त्यांचा इथे उपयोग नाही. ज्याला कोऱ्या पट्टीवरून किल्ली काढता येते तोच पाहिजे, आणि असा माणूस कोण हे त्याच बाजारातला कोणताही जुना मिस्त्री सांगू शकतो.

नाना पेठेच्या एका बोळात असे काम चाललेले मी जवळून पाहिले आहे. कारागिराने प्रथम स्विचाच्या फटीत वाकून पाहिले, बोटाने तोंडावरची धूळ झटकली, फटीच्या आडव्या छेदाचा आकार पाहून फळीवर टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्यांतून दोन निवडल्या, एक आत घालून पाहिली, ती सैल वाटताच दुसरी घेतली. ही निवड चुकली तर पुढचे सगळे श्रम वाया जातात, म्हणून तिला त्याने घाई केली नाही. मग कोऱ्या किल्लीची कड बारीक कानशीने घासून त्याने अशी लखलखीत केली की तिच्यावर ओरखडा उठला तर ताबडतोब दिसावा. ती आत घालून त्याने पकडीने हलकेच फिरवण्याचा ताण दिला, तो ताण कायम ठेवून किल्ली किंचित वरखाली हलवली आणि बाहेर काढून उन्हात तिरपी धरली. चकाकत्या कडेवर दोन ठिकाणी, मुंगीच्या डोळ्याएवढे, निस्तेज ठिपके उमटले होते. जी पट्टी अजून अडते आहे ती मऊ पितळेवर अशी आपली खूण सोडते, आणि जी योग्य पातळीला आलेली असते ती सोडत नाही; या एका तत्त्वावर सगळी विद्या उभी आहे. त्याने त्या दोन ठिपक्यांवर कानशीचे तीन-चार हात मारले, कड पुन्हा चकचकीत केली, पुन्हा ताण दिला, पुन्हा उन्हात धरली. आता एक ठिपका नाहीसा झाला होता आणि तिसऱ्याच जागी नवा उमटला होता. असे करीत करीत, मधेच चहावाल्याला हाक मारून आणि एका शाळकरी मुलाचे सायकलचे कुलूप उघडून देऊन, त्याने ती किल्ली अखेरीस फिरवली, तेव्हा स्विचातून आलेला आवाज फार मोठा नव्हता. पण गाडीचा मालक, जो इतका वेळ मोबाइलवर बोलत उभा होता, तो बोलणे थांबवून पाहू लागला.

एक गोष्ट कारागीर जाणतो आणि अधीर मालक जाणत नाही: कानस जास्त चालली तर परत येण्याची वाट नाही. कमी कापलेली किल्ली आणखी कापता येते, जास्त कापलेली टाकून द्यावी लागते. म्हणून त्याच्या डोक्यावर उभे राहून घाई करणे हे आपल्याच नुकसानीचे.

याहून शीघ्र मार्ग म्हणजे कुलूप उलगडणे. हेडलाइटची कडी किंवा मीटरचा डोम काढून स्विच बहुतेक गाड्यांतून सोडवता येतो. तो नुसता पिशवीत घालून किल्लीवाल्याकडे नेला की गाडी ढकलत नेण्याचे कष्ट वाचतात. हँडल लॉक लागलेले असेल तर गाडी हलवताच येत नसल्यामुळे हाच मार्ग सोयीचा, आणि कारागिराला घरी बोलावणे हा दुसरा. बॅरल बाहेर निघाले की पट्ट्यांच्या खिडक्या डोळ्यांना दिसतात, त्यांच्या उंचीबरहुकूम किल्ली कापणे मग सोपे जाते. गाडीच्या बाजूच्या पत्र्याला किंवा हेल्मेट अडकवण्याच्या कडीला त्याच किल्लीचे लहान कुलूप असेल तर ते काढून न्यावे. ते क्वचितच वापरलेले असते, त्यामुळे त्यातल्या पट्ट्या झिजलेल्या नसतात आणि मूळ माप तिथे अधिक खरे सापडते. मात्र अशा लहान कुलपांत पट्ट्यांची संख्या स्विचापेक्षा कमी असू शकते. तसे असेल तर उरलेले एकदोन दाते स्विचावरच जमवून घ्यावे लागतात. पट्ट्या काढताना त्यांचा क्रम बिघडू देऊ नये आणि स्प्रिंगा उडू देऊ नयेत, हे काम अंगणात गवतावर बसून करू नये, एवढे शहाणपण पुरेसे आहे.

झिजेचा प्रश्न स्वतंत्र आहे. वीस-पंचवीस वर्षे वापरलेली किल्ली आणि तितकीच वर्षे वापरलेले कुलूप परस्परांशी जुळवून घेत घेत झिजलेले असतात. किल्लीचे दाते गोलावतात, पट्ट्यांच्या कडा बोथटतात, आणि शेवटी अशी वेळ येते की गाडी चालू असताना किल्ली स्विचातून अलगद निसटून रस्त्यावर पडते आणि इंजिन बंद न पडल्यामुळे स्वाराला त्याचा पत्ता घरी पोहोचल्यावर लागतो. जुन्या गाड्यांच्या किल्ल्या हरवण्याचे हे एक फार मोठे कारण आहे. या झिजलेल्या किल्लीवरून यंत्राने दुसरी काढली तर यंत्र झीजही इमानेइतबारे उतरवते, शिवाय स्वतःची थोडी भर घालते. त्या दुसरीवरून तिसरी काढली की ती फिरवताना मनगटाची कसरत करावी लागते. म्हणून घरात दोन किल्ल्या असतील तर नक्कल करण्यास नेहमी कमी वापरलेली द्यावी, रोजची देऊ नये.

आता नव्या सेटविषयी. स्विच, टाकीचे झाकण आणि हँडल लॉक यांचा एकाच किल्लीचा संच बाजारात ‘लॉक सेट’ या नावाने मिळतो, मिंडासारख्या जुन्या नावांचे संच खपाच्या मॉडेलांसाठी सहज उपलब्ध असतात, आणि ज्याची गाडी रोज कामावर नेण्याची आहे, जिच्या कुलपात कोणी स्क्रू ड्रायव्हर घालून ते कायमचे बिघडवून ठेवले आहे, किंवा जिची किल्ली पत्त्याच्या बिल्ल्यासकट हरवली आहे, त्याने तो खुशाल बसवावा. शेवटच्या प्रसंगी तर तो बसवलाच पाहिजे, कारण किल्ली आणि पत्ता एकाच अनोळखी हातात असताना जुने कुलूप ठेवण्यात अर्थ नाही. पण बंद मॉडेलांसाठी मिळणारे संच पुष्कळदा ‘बसतो’ एवढ्याच अर्थाने बसतात. वायरींचे रंग जुळत नाहीत, टाकीचे झाकण ओघळते, हँडल लॉकची खुंटी खाचेपर्यंत पोहोचत नाही. केंद्र सरकारने 2021 साली पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या निराळ्या नोंदणीची तरतूद केली, तिचे शुल्क 20,000 रुपये ठेवले. तेव्हापासून गाडीचा मूळपणा जपण्याची आस्था अनेकांना नव्याने उत्पन्न झाली आहे. अशा मंडळींनी डोमावरचा मूळ स्विच तर काढूच नये. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात जुने स्विच किल्लीसकट मिळतात, परंतु तिथल्या मालाची पूर्वपीठिका विचारण्याचा प्रघात नसल्यामुळे खरेदी डोळसपणे करावी.

कागदपत्रांचा विषय रुक्ष, पण टाळता येत नाही. चांगला किल्लीवाला अनोळखी गिऱ्हाइकाकडे आर.सी. बुक मागतो, आणि त्याने ते मागितले तर मनात राग धरू नये; चोराची किल्ली करून दिल्याचा संशय त्याच्यावर आला तर ठाण्यात खेटे त्याला घालावे लागतात. मूळ मालक हयात नसेल तर आधी गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी: मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून अर्ज करावा, असा नियम आहे. मुदत टळून वर्षे लोटली असतील तर तिथल्या खिडकीवरच पुढील तजवीज विचारावी. चासी क्रमांकाचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा बरोबर न्यावा, तो बहुधा मागतात. किल्ली बाहेर कुठे हरवली असेल तर पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करावी. याचे कारण पुढे कळते: गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी दाव्याबरोबर सर्व किल्ल्या हजर करण्यास सांगते, आणि एक किल्ली कमी पडली की त्या कमतरतेचा खुलासा लेखी पुराव्यानिशी करावा लागतो. ‘घरातच कुठे तरी असेल’ हा खुलासा तिथे ग्राह्य धरला जात नाही.

शिवकाली गडाच्या दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराच्या स्वाधीन असत आणि दरवाजे नीट बंद झाल्याची खात्री त्याने जातीने करून घ्यावी असा शिरस्ता होता. आपल्या घरांत गाडीच्या दुसऱ्या किल्लीचा असा कोणी हवालदार नसतो. ती टीव्हीच्या खणात, जुन्या बॅटऱ्या, रबर, औषधाच्या बिलांबरोबर पडते, पुढे घराला रंग लागतो, टीव्ही भिंतीवर जातो आणि खण भंगारात. निदान ती एका ठरलेल्या माणसाच्या ताब्यात द्यावी, आणि शक्य तर निराळ्या घरी ठेवावी. बहिणीकडे, सासुरवाडीस, कुठेही, पण त्याच गाडीच्या टूलबॉक्समध्ये नको, जिथे ती ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

कुलपाची निगा राखणे अवघड नाही. त्यात खोबरेल किंवा इंजिनचे तेल घालू नये. तेलावर धूळ बसून तिचा चिखल होतो आणि हलक्या स्प्रिंगा त्यात रुततात. पेन्सिलीच्या शिशाची पूड, म्हणजे ग्रॅफाइट, किल्लीला लावून ती चार वेळा आतबाहेर केली की पुरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या आधी हे अवश्य करावे. गाडीच्या किल्लीला घरच्या, दुकानाच्या, तिजोरीच्या किल्ल्यांचा झुबका लटकवू नये, कारण धक्क्याधक्क्याला त्याचे वजन स्विचातल्या पट्ट्यांवर हिसके देत राहते. किल्ली आत मोडली तर उरलेला तुकडा डिंकाने किंवा फेविक्विकने चिकटवून काढण्याचा प्रयोग करू नये. तुकडा तसाच ठेवून, बाहेरचा अर्धा भाग खिशात घालून, कारागिराकडे जावे. दोन्ही अर्धे मिळाले की तो त्यांवरून नवी किल्ली काढून देतो.

ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे आणि जिची किल्ली आज हाताशी आहे, त्यांनी तिच्या डोक्यावरचा क्रमांक भिंगाने वाचून एका कागदावर उतरवावा, तो कागद आर.सी. बुकाच्या पाकिटात ठेवावा, आणि येत्या रविवारी बाजारात जाऊन तिची एक नक्कल करून घ्यावी. नक्कल मिळाली की दुकानासमोरच स्विच, हँडल लॉक आणि टाकी या तिन्ही ठिकाणी ती फिरवून पाहावी, आणि मगच पैसे द्यावेत.